तळमजल्याची भिंत

घर बघायला आलेल्या रंगाऱ्याला दलालाने आधी वर नेलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, स्वतः बाजूला सरकला आणि आता बघाच, अशा थाटात उभा राहिला. समोर बंदराचं पाणी पसरलं होतं. रंगाऱ्याने ते पाणी उभा जन्म पाहिलं होतं. त्याने एकवार बाहेर नजर टाकली आणि खिडकीच्या चौकटीत अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. जुन्या रंगाचा पोपडा निघाला. त्याखाली दुसरा रंग, त्याखाली आणखी एक. मग लाकूड लागलं.

"लाकूड चांगलं आहे," एवढंच तो म्हणाला.

दलालाचा चेहरा पडला. पाण्याच्या जोरावर तो या गल्लीतली घरं खपवत होता, आणि हे गिऱ्हाईक पाण्याकडे पाठ करून भिंती चाचपत होतं. मागे उभा असलेला धाकटा भाऊ हसला. "दादाला पाणी दाखवू नका. त्या दोघांचं जुनं वैर आहे."

ते काही खोटं नव्हतं. हुद्दा रंगाऱ्याचा, पण त्याचा जन्म गेला खरवडण्यात. जहाज दुरुस्तीसाठी गोदीत यायचं, गोदीतलं पाणी उपसून काढायचे आणि कोरड्या पडलेल्या त्या खड्ड्यात जहाजाचं बूड डोक्यावर येऊन उभं राहायचं. त्याला शिंपले चिकटलेले, गंज चढलेला, जुना रंग फुगलेला. ते सगळं उघड्या पत्र्यापर्यंत खरवडायचं. हात वर, मान मागे, सगळा कचरा तोंडावर. पत्रा चकाकला की मग रंग. पहिला हात द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा द्यायचा, पुन्हा वाळू द्यायचा. घाई केली की रंग फसवतो. रंग लावणारे पुष्कळ होते, खरवडणारे टिकत नसत. हा टिकला. गोदीत त्याला खरवड्या म्हणायचे आणि त्याला त्याचा राग नव्हता. काम सुटलं तेव्हा उजवा खांदा कानाच्या वर जात नव्हता, केस विंचरायलासुद्धा डावा हात लागत होता. पण त्याने केलेल्या जहाजात पाणी शिरलं असं कुणी कधी म्हटलं नाही.

घर हवं होतं ते बायकोसाठी. लग्न झाल्यापासून ती गोदीच्या कंपनीच्या खोल्यांत राहिली. खोल्या कंपनीच्या, म्हणून कंपनी म्हणेल तेव्हा हलायचं. कधी छप्पर दुरुस्त करायचं म्हणून, कधी साहेबाच्या मर्जीतल्या कुणाला कोपऱ्यावरची खोली हवी म्हणून. दर वेळी तिने संसार खोक्यांत भरला आणि दर वेळी बाहेर काढला. पुढेपुढे चांगल्या कपबशा, जाड चादरी आणि माहेरहून आलेला आरसा खोक्यातून बाहेर काढणंच तिने सोडून दिलं. पाहुणा आला तरी चहा कान तुटलेल्या कपात. तो म्हणायचा, अगं, काढ की त्या बशा. ती म्हणायची, काढते, आपलं घर झालं की. शेवटी गोदीच बंद पडली आणि खोली खाली करा असा कागद एकाने येऊन दारावर डकवला. ती तेव्हा दारातच कपडे वाळत घालत होती. डकवणाऱ्याने तिला जरा सरका म्हटलं, खळीचा हात लावला, कागद चापून बसवला आणि पुढच्या दाराकडे गेला. तिने ओला कपडा तसाच हातात धरून तो कागद वाचला.

त्या दिवशी त्याने तिला सांगितलं, आता एक घर घेऊ, तिथून ऊठ असं तुला कुणी म्हणणार नाही. ती "बरं" म्हणाली. इतकी वर्षं ज्या सुरात म्हणत आली त्याच सुरात.

एकट्याच्या बळावर घर घेणं त्याला झेपणारं नव्हतं. धाकट्यालाही नव्हतं. धाकटा बस चालवायचा आणि आपली पाळी संपली की दुसऱ्याचीही घ्यायचा. तेव्हा दोघांनी मिळून घ्यायचं ठरवलं, आणि फिरतफिरत पुन्हा बंदराच्याच कडेला आले. ती वस्ती ओळखू येईना. गोदामांत कॉफीची दुकानं निघाली होती. दोरखंडाच्या कारखान्यात काचेमागे माणसं संगणकापुढे बसलेली. काठाने फरशी, कठडे आणि पाठ टेकायला बाक. ज्या खड्ड्यात रंगाऱ्याचा खांदा गेला तिथे पाणी सोडून भोवती उपाहारगृह थाटलं होतं. जुनी क्रेन शोभेला ठेवली होती आणि तिला पिवळाधमक रंग दिला होता. त्याने जवळ जाऊन बघितलं. गंजावरूनच रंग मारला होता. घरी येईपर्यंत त्याच्या मनातून ते गेलं नाही.

ही अरुंद, तीन मजली घरं मात्र अजून तशीच होती. बाकावर माणसं दाटीवाटीने बसावीत तशी एकमेकांना चिकटलेली, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. मधून एकच जिना. वरचा मजला धाकट्याला, कारण त्याचे गुडघे अजून त्याचं ऐकत होते. तळमजला थोरल्याला. मधल्या मजल्यावर एक शिवणारी मावशी भाड्याने राहत होती. ती तिथे इतकी जुनी होती की जुना मालक घर विकताना तिला जिन्यासारखीच धरून चालला होता. घर घ्यायचं तर तिच्यासकट, म्हणूनच बाकीच्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली होती. म्हणूनच भाव उतरला होता, आणि म्हणूनच ते घर दोन भावांच्या आवाक्यात आलं होतं.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मावशीने चष्म्यावरून रंगाऱ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, विजारीकडे. पूर्वी ती गोदीतल्या लोकांच्या कामाच्या विजारी शिवायची, आता उपाहारगृहांचे पडदे शिवत होती.

"ही शिवण माझी आहे," ती म्हणाली. "गुडघ्याचं ठिगळ मात्र कुणा नवशिक्या बाईने लावलंय."

"ते मी लावलंय," बायको म्हणाली.

मावशीने चष्मा वर सरकवला. "मग टिकेल. दिसायला वाईट आहे, पण टिकेल."

बायको हसली. रंगाऱ्याने तेव्हाच सांगून टाकलं, मावशी, तुम्ही आहात तशा राहा, घर आमच्या नावावर झालं तरी तुमचं काही बदलणार नाही. धाकटा मागे उभा होता. त्यानेही मान डोलावली.

किल्ल्या देताना जुना मालक दारात रेंगाळला. म्हातारा माणूस, तळमजल्यावरच राहत आलेला, घर विकून मुलीकडे जायला निघालेला. म्हणाला, खालच्या भिंतीच्या फार नादी लागू नका. चुना मारायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, सामान जरा लांब ठेवायचं. रंगाऱ्याने हो हो केलं. मनात म्हणाला, कामचुकार माणसाचं बोलणं. जन्मभर भिंतीला चुना फासला आणि कानाडोळा केला.

तळमजल्याच्या भिंतीला ओल होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. कमरेच्या उंचीपर्यंत गिलावा फुगला होता, त्यावर लोणा आला होता. हात फिरवला की पांढरी, खारट भुकटी तळव्याला यायची. बायकोने दारात उभं राहून ती भिंत पाहिली आणि खोकी खोलीच्या मध्यावर मांडली, एकावर एक. दोरी सोडली नाही.

"वाळली की काढते," ती म्हणाली.

रंगाऱ्याने खरवडणी काढली.

ते काम त्याने जसं केलं तसं केलेलं फार लोकांनी पाहिलं नसेल. पैसे घेऊन तर कुणीच केलं नसतं. फुगलेला गिलावा सगळा पाडला. विटांच्या सांध्यातली माती झालेली भर कोरून काढली. वीट तारेच्या ब्रशने घासली, पुसली, पुन्हा घासली. उजवा हात खांद्याच्या खालीच चालायचा, म्हणून वरचा भाग डाव्या हाताने. डावा हात या वयात शिकला. संध्याकाळी जेवताना हात उचलायला नको म्हणून तो ताटावर वाकून खायचा आणि बायको दुसरीकडे बघायची. भर भरली, नवीन गिलावा केला, तो वाळण्यासाठी शेगडी लावून बसला. मग जुन्या सोबत्याकडून जहाजाच्या बुडाला लावतात तो रंग आणला. काळा, जाड, डांबरासारखा. झाकण काढलं की डोळ्यांतून पाणी. त्याचे हात दिले, मध्ये वाळू देऊन, घाई न करता. वरून पांढरा रंग. सरळ रेघेत, कुठे ओघळ नाही, कुठे फुगा नाही. भिंतीला पाठ लावली तर काचेला लावल्यासारखी गार आणि कोरडी.

गल्लीच्या टोकाला एका घराचं काम चालू होतं. तिथला गवंडी बघायला आला, बोटाने टिचकी मारून गेला. "भिंत केलीत की बोट?" एवढं म्हणाला. रंगाऱ्याला ती शाबासकी वाटली.

बायकोने आठवडाभर वाट पाहिली. रोज सकाळी भिंतीला उलटा हात लावायची. मग एक दिवस तिने खोक्यांच्या दोऱ्या सोडल्या. कपबशा फळीवर लागल्या, चादरी कपाटात गेल्या, आरसा भिंतीवर. कपाट भिंतीला अगदी टेकवून ठेवलं, आणि पलंगही. दुपारी रंगारी घरात आला तेव्हा ती पलंगावर भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली होती. काही करत नव्हती. तिला असं बसलेलं त्याने याआधी कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

मधल्या काळात मावशी बदलली. आधी तिचं दार उघडंच असायचं आणि मशीनची खडखड जिन्यात यायची. आता दार लावलेलं. गिऱ्हाइकाला ती जिन्याच्या वळणावरच गाठायची, माप तिथेच घ्यायची. बायको एकदा वाटीभर साखर परत द्यायला गेली, तर मावशीने दार हातभर उघडून वाटी घेतली आणि आत या असंसुद्धा म्हटलं नाही. भाडं मात्र तारखेच्या आधीच यायला लागलं, घडी घातलेल्या कापडात.

"मालकीण झालात ना तुम्ही, वहिनी," धाकटा म्हणाला. "आता भाडेकरू तुमच्याशी तोलून मापूनच वागणार."

बायकोला ते लागलं. तिने पुन्हा वर जायचं सोडून दिलं.

मग त्या उपाहारगृहाचा माणूस आला. सकाळची वेळ होती. जिन्यात त्याचा आवाज चढलेला ऐकून रंगारी वर गेला. माणसाच्या हातात पांढऱ्या पडद्याचं कापड होतं आणि त्याच्या काठाला काळपट-हिरवे ठिपके. नवीन कापड दिलं होतं, म्हणत होता, आणि हे बघा, बुरशी. पुन्हा काम देणार नाही. मावशी दारात आडवी उभी होती आणि धुऊन देते, धुऊन देते, एवढंच पुटपुटत होती. तो तणतणत उतरून गेला. ती दार लावायला वळली, पण रंगाऱ्याचा हात चौकटीवर होता.

"मावशी, आत येऊ?"

"पसारा आहे, भाऊ."

"असू दे."

पसारा नव्हता. सगळं सामान खोलीच्या मधोमध गोळा झालं होतं, बोट बुडताना माणसं एका जागी गोळा होतात तसं. मशीन दाराशी ओढलेलं. कपाट पलंगाला लागून. बाजूची भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळवंडलेली, गिलावा सुटून खाली पडलेला, आणि वर पांढरा लोणा. त्याच्याच खोलीच्या बरोबर वरची भिंत. त्याने तळवा टेकवला. ओला झाला. दुसरा तळवा जरा वर टेकवला. तोही.

"ही ओल आधी होती?"

"नाही."

"मग कधीपासून?"

मावशी कापडाची घडी घालत होती. ती घातली, पुन्हा उलगडली. "तुमचा रंग वाळला त्यानंतर. रंग चांगला आहे हो. कुठं फटही ठेवली नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घर तुमचं. आपण तक्रार केली की आपण डोळ्यांवर येतो. मग माणसाला आठवतं, अरे, हिला भाडं किती कमी आहे." तिने कापड बाजूला ठेवलं. "मी गप्प बसले तर इथंच राहीन असं वाटलं."

तो खाली आला आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर बसून राहिला. मग गल्लीच्या टोकाला गवंड्याकडे गेला. गवंड्याने फार वेळ घेतला नाही. जहाजाला पाणी बाहेरून असतं, म्हणाला, बाहेरून अडवलं की काम झालं. इथं पाणी भिंतीच्या पोटात आहे. समुद्र दोन पावलांवर, जमिनीतून ते विटेत चढतं. आजवर खालच्या खोलीतून बाहेर पडून सुकून जात होतं. तुम्ही ती वाट लिंपून टाकलीत, मग ते आणखी वर गेलं. आता वरूनच निघणार.

"काही उपाय?"

"मुळापासून करायचा तर शेजाऱ्यांसकट अख्खी रांग खणायला लागेल. ते सोडा." गवंड्याने थापी बादलीत बुडवली. "पाणी निघणार ते निघणारच, मामा. खाली काढायचं की वर काढायचं, एवढंच तुमच्या हातात."

म्हातारा मालक कामचुकार नव्हता तर. त्याने ते कधीच ठरवून टाकलं होतं. ओल त्याने स्वतःच्या खोलीत ठेवली होती.

संध्याकाळी धाकटा कामावरून आला तेव्हा रंगाऱ्याने त्याला जिन्यातच अडवून सगळं सांगितलं. धाकट्याचे डोळे ताणलेले, गणवेशाची कॉलर मळलेली. तो पायरीवर बसला आणि बूट काढता काढता ऐकत राहिला. वर मावशीचं मशीन चालू होतं.

"मग चांगलंच आहे," तो शेवटी म्हणाला. "चांगलं म्हणजे, झालं ते वाईट झालं. पण दादा, खोली राहण्याजोगी नाही हे आता कुणीही मान्य करेल. दुरुस्तीसाठी खाली करा म्हणायचं. रीतसर. नंतर दुरुस्ती झाली की झाली. समोरच्या घरात त्या कॉफीवाल्यांची पोरं राहतात, काय भाडं देतात विचार."

"आपण तिला राहा म्हटलं होतं."

"तू म्हटलंस. मी मान हलवली." त्याने दुसरा बूट काढला. "मी काय मजा म्हणून बोलतोय? दोन पाळ्या करतो मी. परवा एका थांब्यावर गाडी उभी असताना माझा डोळा लागला. मागून लोक ओरडले तेव्हा जाग आली. अजून किती वर्षं असं करायचं? ती म्हातारी काय तुझी आई आहे?"

मशीन थांबलं होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. धाकट्याने बूट उचलले, पण तो उठला नाही. अरुंद जिना, सामाईक भिंती. त्या घरात बोललेलं लपायला जागा नव्हती.

रंगाऱ्याला भांडण नको होतं. भांडायलाही बळ लागतं आणि ते भिंतीत खर्च झालं होतं.

"ती होती म्हणून हे घर आपल्याला परवडलं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण दबकाही ठेवला नाही. "तिला काढायचं होतं तर बाकीच्यांसारखा पुरा भाव मोजायचा होता. तो आपल्याकडे नव्हता. आता तिला काढलं तर आपण हे घर फसवून घेतलं असं होईल. आणि वरची भिंत तिने नाही बिघडवली. मी बिघडवली."

"मग काय करतोस?"

"माझी उघडतो."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. "आणि वहिनी?"

रंगाऱ्याने खालच्या दाराकडे पाहिलं. धाकटा उठला, बूट हातात घेऊन अनवाणी वर गेला. मधल्या मजल्यावर त्याची पावलं जरा थबकली, मग पुढे गेली. रंगारी पायरीवर तसाच बसून राहिला.

बायकोला त्याने जेवणं झाल्यावर सांगितलं. लपवाछपवी न करता, क्रमाने, काम समजावून सांगावं तसं. रंग काढला की भिंत पुन्हा ओली होणार. वर हळूहळू वाळेल, खाली कधीच पुरी वाळणार नाही. लोणा येणार, वास येणार. चुना मारत राहायला लागेल. दरवर्षी.

ती भिंतीला पाठ लावून बसली होती. उठली नाही.

"आणि नाही काढला तर?"

"तर मावशीला जावं लागेल. आज नाही तर उद्या. तिथं राहून तिची छाती भरेल."

"तुम्ही मला सांगितलं होतं, इथून ऊठ असं कुणी म्हणणार नाही."

"नाहीच म्हणणार."

"भिंत म्हणतेय ना."

ती खरं बोलत होती. तिने हात मागे नेऊन भिंतीवर फिरवला, सवयीने, उलटा. गुळगुळीत आणि कोरडी. असं काम तिने त्याच्या हातून उभ्या आयुष्यात स्वतःसाठी पहिल्यांदा पाहिलं होतं. जहाजं सगळी दुसऱ्यांची होती.

"तो कागद चिकटवणारा माणूस," ती म्हणाली. "मला म्हणाला, जरा सरका. मी सरकले. अजून मला त्याचंच नवल वाटतं, की मी सरकले." मग ती उठली. कमरेवर हात ठेवून कपाटाकडे बघत राहिली. "मावशीला कागद लावायला तुम्ही गेलात तर ती पण सरकेल. काही बोलणार नाही ती. साखरेची वाटीसुद्धा कशी धरली होती." तिने कपाटाला हात घातला. "धरा इकडून. एकटीने हलत नाही हे."

दोघांनी कपाट ओढलं. त्याचा खांदा आणि तिची कंबर, त्यामुळे एका दमात होईना. थांबत, टेकत, पुन्हा ओढत त्यांनी ते भिंतीपासून हातभर लांब आणलं. मग पलंग. मग आरसा काढून समोरच्या भिंतीवर टांगला. ती पलंगावर बसली. पाठ टेकायला आता काही नव्हतं. तिने उशी गुडघ्यावर घेतली आणि त्यावर हात टेकले.

सकाळी त्याने खरवडणी काढली.

आपलंच काम काढणं हे त्याने कधी केलं नव्हतं. दुसऱ्याचा रंग खरवडताना माणूस शिव्या देऊ शकतो. कुणी घाईत लावलाय, गंजावरूनच लावलाय, म्हणत हात मारायचा, आणि तसा रंग निघतोही लवकर. हा निघेना. कुठे फट नाही, फुगा नाही, धार शिरायला जागा नाही. बोटाएवढा तुकडा निघायला घाम फुटायचा. शेगडी लावून तापवला तर चिकट व्हायचा आणि पात्याला लागून यायचा. चांगलं काम केल्याची अशी शिक्षा त्याला ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी पलंगाएवढा भाग झाला. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, कारण उजवा हात उठेना. बायकोने तोंडाला फडकं बांधलं, दुसरं पातं घेतलं आणि खालच्या ओळीला बसली. तिला जमत नव्हतं. तो दोनदा म्हणाला, पातं आडवं धर. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने फक्त बघितलं, आणि मग तो म्हणाला नाही.

धाकटा सुट्टीच्या दिवशी खाली आला. वर हात पुरायला हवा होता तो भाग त्याने केला, दोघांच्या मानाने खरं तर वाईटच केला. जाताना म्हणाला, "मावशींना सांग, माझ्या मनात आता तसलं काही नाही." रंगारी म्हणाला, तूच सांग. तो वर जाताना मधल्या दाराशी थांबला. दार वाजल्याचं ऐकू आलं, मग थोडं बोलणं, मग मावशीचा आवाज, की तुझ्या गणवेशाची कॉलर उसवलीय, काढून दे.

वीट उघडी पडली तसा काही दिवसांतच लोणा परत आला. खोलीला बंदराचा वास यायला लागला, भरती ओसरल्यावर येतो तो. त्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या, चुना मारला, तो उडाला, पुन्हा मारला. वरची भिंत मात्र सुकू लागली. फार सावकाश. मावशी दर आठवड्याला ओलीच्या कडेला खडूने रेघ मारायची आणि रेघ खाली सरकत होती.

बायकोने खोक्यांचं पुन्हा बघितलं. आरसा समोरच्या भिंतीवर होता, तो राहिला. कपबशांना ओल लागत नाही, म्हणून त्या फळीवर राहिल्या. चादरी मात्र खोक्यात भरायला घेतल्या, तर मावशी दारात उभी. तिने चादरीचा काठ बोटांत धरून पाहिला. "खोक्यात कशाला कुजवतेस? वर दे. माझं कपाट आता भिंतीला लावता येतंय." चादरी वर गेल्या. लागेल तशी बायको एकेक आणायला जिना चढायची आणि तासभर खाली येत नसे.

असंच एका दुपारी रंगारी पलंगाच्या कडेला बसून खांदा चोळत होता. भिंतीला त्याच दिवशी चुना मारला होता आणि खालचा भाग आधीच डागाळायला लागला होता. पुढच्या वर्षी हे पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तो त्याचा हिशेब करत नव्हता. नुसता बघत होता. बायको चहा गाळत होती, चांगल्या कपांत. जिन्यावर पावलं वाजली आणि मावशी आत आली, न विचारता, हातात कात्री तशीच.

"भाऊ, जिन्याचा कठडा हलतोय."

"बरं."

"बरं काय? किती दिवस झाले हलतोय. आणि माझ्या खिडकीची कडी लागत नाही. घर घेतलंय तर बघायला नको?"

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती कात्रीने जिन्याकडे बोट दाखवत, कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"बघतो," तो म्हणाला.

"आज बघा. पडेल कुणीतरी."

बायकोने तिसरा कप भरला आणि मावशीपुढे सरकवला. मावशी बसली. रंगारी हात टेकत उठला, कोपऱ्यातून हत्यारांची पिशवी घेतली आणि कठडा बघायला बाहेर गेला. बायकोने त्याचा चहा बशीने झाकून ठेवला.